डॉन अपशॉ श्रवणनोंदी : तिसरा महिना

अमेरिकन सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) डॉन अपशॉ यांची ध्वनिमुद्रणे मी मूळ रचनांच्या सालानुसार ऐकतो आहे, आणि या महिनाअखेरीस १७८६ मधल्या मोत्झार्टपासून २००० मधल्या फिनलंडच्या संगीतकार कायजा सारिआहोपर्यंतचा टप्पा पुरा झाला.

जेम्स लिव्हाइन यांनी संचालित केलेल्या मोत्झार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेरातील सुझानाची भूमिका हा पहिला मुक्काम होता. चौथ्या अंकातील बागेतल्या गाण्यात अपशॉ अक्षरे इतकी सुटी आणि स्वच्छ ठेवतात की, आपल्याकडच्या शब्दप्रधान गायकीची आठवण तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

सर्वाधिक वेळ पोलिश संगीतकार गुरेत्स्कीच्या तिसऱ्या सिम्फनीने घेतला. १९७६ मधल्या या रचनेचे अपशॉ, लंडन सिम्फोनिएटा आणि संचालक डेव्हिड झिनमन यांनी केलेले ध्वनिमुद्रण १९९२ साली आले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मी त्यातला दुसरा भाग, स्कोअर (स्वरलिपी) समोर ठेवून, अकरा वेळा ऐकला. त्याचे शब्द पोलंडमधील झाकोपाने येथील गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कोठडीच्या भिंतीवर १९४४ साली अठरा वर्षांच्या एका मुलीने कोरले होते : आई, रडू नकोस. सुरुवातीची उजळ स्वरसंगती एकाएकी काळवंडते आणि खालच्या सुरांतून ‘मामो’ (आई) हा शब्द वर येतो, तेव्हा अपशॉ ‘म’ ओठांत किंचित धरून मगच स्वर मोकळा करतात. अशा मजकुरावर रडवेला आवाज लावण्याचा मोह मोठा असतो. येथे कंप बेताचा आहे, त्यामुळे ती मुलगीच आईला धीर देते आहे, हे मनापासून पटते.

सोप्रानो आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्यासाठी सारिआहोने १९९६ साली लिहिलेली ‘लोन’ ही रचना प्रथम अपशॉ यांनीच गायली. झोफ्रे रुदेल या मध्ययुगीन कवीच्या नावावर असलेले तिचे ऑक्सितान (दक्षिण फ्रान्समधील जुनी भाषा) शब्द पहिल्या दोन वेळा मला परके वाटले. तिसऱ्या वेळी कविता आधी मोठ्याने वाचून मग ऐकली, तेव्हा सुझानाची ती सुटी अक्षरे येथेही ओळखू आली. रुदेलवरच बेतलेला सारिआहोचा ऑपेरा २००० साली साल्झबुर्ग येथे रंगमंचावर आला, तेव्हा त्यातील नायिका क्लेमान्सही अपशॉच होत्या. शैली बदलली तरी शब्दाशी असलेली त्यांची निष्ठा ढळत नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

पुढच्या महिन्यात संगीतकार मारिया श्नायडर यांची ‘विंटर मॉर्निंग वॉक्स’ ही गीतमाला ऐकायची आहे, आणि त्यासाठी ती ज्यांच्यावर बेतली आहे त्या टेड कूझर यांच्या कविता मी आतापासूनच मोठ्याने वाचायला घेतल्या आहेत.