अंगठा कुठे वळवायचा?

यमन रागातली ‘नि रे ग म॑ ध नि’ ही सरळ तान पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, ठाय (संथ) लयीत कोणत्याही बोटांनी वाजते, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच असते. पेटीच्या पट्ट्या सप्तकात डावीकडून काळी एक, पांढरी एक अशा रंगाने आणि आकड्याने ओळखतात. षड्ज (सा) काळी एकला धरला, तर मंद्र निषाद पांढरी एकवर, रिषभ काळी दोनवर, गंधार पांढरी चारवर आणि तीव्र मध्यम पांढरी पाचवर येतो. निषादावर अंगठा आणि रिषभावर तर्जनी पडली, की पुढे दोन वाटा फुटतात : अंगठा लगेच खालून वळवून गंधारावर आणायचा, किंवा गंधार मधल्या बोटाने घेऊन अंगठा मध्यमावर न्यायचा. दोन्ही वाटा निर्दोष आहेत. मात्र रियाजात आज एक आणि उद्या दुसरी असे होत राहिले, की दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गंधारापाशी अंगठा आणि मधले बोट दोघेही पुढे सरसावतात, आणि सूर एक तर किंचित उशिरा येतो किंवा शेजारच्या पट्टीला घासून उमटतो. कानाला तान चोख पाठ असते. एकमत बोटांमध्ये नसते.

पियानोच्या छापील स्वरलेखनात अवघड जागी सुरांवर 1 ते 5 असे बोटांचे आकडे दिलेले आढळतात. आपल्याकडच्या भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीच्या स्वरलेखनात सप्तक, मात्रा, कोमल-तीव्र सारे असते, बोटे नसतात. ते रास्तच आहे, कारण बंदिशी लिहिल्या गेल्या त्या प्रामुख्याने गाणाऱ्यांसाठी. पेटीवाल्याने आपली सोय आपणच पाहायची. पियानोच्या आधीच्या युरोपीय पट्टीवाद्यांवरही अंगठ्याला मानाचे स्थान मिळायला वेळ लागलाच. जर्मन संगीतकार कार्ल फिलिप एमानुएल बाख यांनी 1753 साली अंगठ्याचा नियमित वापर शिकवणारा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात वडिलांची, म्हणजे योहान सेबास्टियन बाख यांची, एक आठवण नोंदवली : त्यांच्या तरुणपणी मोठमोठे वादक सुरांमधले अंतर फार असेल तेव्हाच अंगठा वापरत.

पेटीत आणखी एक पेच आहे. गायक बदलला की षड्ज बदलतो. हाच यमन पांढरी एकला घेतला, तर तीव्र मध्यम काळी तीनवर जातो. काळ्या पट्टीवर अंगठा अवघडतो, म्हणून त्याला गंधारावर किंवा थेट धैवतावर उतरावे लागते. म्हणजे काळी एकला घोटून पक्की केलेली मध्यमाची वाट इथे बंद होते. तेव्हा बोटांची शिस्त रागाला लावता येत नाही, ती राग आणि षड्ज या जोडीला लावावी लागते. एका वादकाची बोटे दुसऱ्याने जशीच्या तशी उचलावीत, असेही मला वाटत नाही, कारण पंजाची लांबी ज्याची त्याची असते.

माझा भरवसा पेन्सिलीवर आहे. वहीत तान लिहावी, अंगठा जिथे वळतो त्या सुराखाली रेघ मारावी आणि पूर्ण तान न वाजवता त्या रेघेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे तीनच सूर बराबरीच्या (मूळ, एकपट) लयीत फिरवावेत. अवरोहाचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो, कारण उतरताना अंगठा जागेवर राहतो आणि बोट त्याच्यावरून पलीकडे जाते. डाव्या हाताकडेही लक्ष हवे. बोट अडखळले की भाता नकळत जोराने दाबला जातो, आणि जी चूक हळूच निसटून गेली असती ती ठणठणीत ऐकू येते.

स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा संच सरकवून षड्ज बदलता येतो आणि बोटांची ठेवण तीच राहते. काही जाणकार या सोयीवर नाक मुरडतात. रियाजाला साधी पेटीच बरी, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण गायकाने बैठकीवर आयत्या वेळी ‘आज गळा जड आहे, अर्धा सूर खाली घ्या’ असे सांगितले, तर संच निमूटपणे सरकवणाऱ्या साथीदाराला मी तरी नावे ठेवणार नाही.