गुडघ्यात उघडा पडलेला बांबू अखेर पालवला

छाटलेल्या मल्टिप्लेक्स बांबूला खालच्या पेरांवर पालवी फुटली! फरशीपासून चार फुटांवर, जिथून आजवर आरपार दिसायचं, तिथेच हिरव्या सुयांचे झुबके आलेत. शेवटची कुंडी सोडली तर सगळीकडे. आषाढातला वारा बेळगावातल्या अनगोळच्या गच्च्या झोडपून काढतोय, तरी रोज सकाळी मी आधी ते झुबके बघून येतो.

अडचण अशी: आमच्या गच्चीवर शेजारच्या इमारतीतून थेट दिसायचं. पश्चिमेच्या कठड्याला लागून दीड फूट उंचीच्या लांबट कुंड्या, त्यांत मल्टिप्लेक्स. रोपं तब्येतीत वाढली, दहा फुटांवर गेली आणि वरून कमानीसारखी वाकली. खाली मात्र पाच फुटांपर्यंत नुसत्या कांड्या. शेजारच्या नव्या इमारतीतल्या वहिनी बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या आणि त्याच वेळी आम्ही समोर चहा घेत बसलेलो. संकोच दोन्हीकडे. पडदा त्यांनाही हवाच होता.

पाणी वाढवून बघितलं, निंबोळी पेंड दिली, शेणखत दिलं. त्याने वरची पालवी आणखी दाट झाली आणि खालच्या कांड्या आणखी उघड्या. रोपवाटिकेत विचारलं तर उत्तर तयार: अजून चार रोपं न्या. बांबू विकणाऱ्याने बांबूची छाटणी सांगायला हवी की नको? मल्टिप्लेक्स मुळात बुडापासून फांद्या धरणारी जात, कुंपणाला ती लावतात ती त्यासाठीच. मग इथे उघडी का?

खानापूरकडचे मामा गच्चीवर आले आणि वर बघून म्हणाले, "वरचं डोकं उतरव की रे. खाली ऊन कुठं जातंय?" खरंच, वाकलेले शेंडे स्वतःच्याच पायांवर सावली धरून बसले होते. पण शेंडा एकदा कापला की ती कांडी पुन्हा उंच होत नाही. बांबूचा कोंब एका हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो आणि पुढे फक्त फांद्या धरतो. म्हणून करवत लावण्याआधी नेमकी किती उंची लागते, हे ठरवणं भाग होतं.

दोरी आणि टेप घेऊन बसलो. खुर्चीत बसल्यावर माझे डोळे फरशीपासून साडेतीन फुटांवर. बाल्कनीत उभ्या माणसाचे डोळे आमच्या फरशीपेक्षा दहा फुटांवर, खुर्चीपासून त्यांचं अंतर २० फूट. बांबू खुर्चीपासून दहा फुटांवर, म्हणजे नजर अडवायला पावणेसात फूट उंची हवी. मग खुर्ची पाच फूट पुढे सरकवली. आता पावणेसहा फूट पुरतात! पडदा माणसाच्या जितका जवळ तितका तो बुटका चालतो. बाल्कनीच्या फरशीकडे जाणारी रेषा बांबूपाशी आमच्या फरशीपासून चार फुटांवर जाते, म्हणजे दाट पट्टा हवा तो चार ते सहा फुटांत. त्याच्या वरचे चार फूट फक्त वारा खात होते.

मृगाच्या आधी सगळे शेंडे सहा फुटांवर उतरवले. कापताना पेराच्या गाठीच्या लगेच वर कापा, नाहीतर पोकळ कांडीत पाणी साठतं, डास होतात आणि कांडी कुजते. हत्याराबद्दल माझं मत ठाम आहे: सपाट ऐरणीवर पातं दाबणाऱ्या कात्रीने पोकळ कांडी चेपून फाटते. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड स्वस्त आणि काप स्वच्छ. गळलेली पानं कुंडीतच पसरली आहेत.

वाऱ्याचाही प्रश्न हलका झाला. बुटकी झुडपं कमी डोलतात. कठड्याला बांधलेलं दाट हिरवं नेट मी काढून टाकलं. बंद भिंतीला अडलेला वारा वरून उडी मारून आत भोवरे करतो. साधारण निम्मा वारा गाळून सोडणारी झाडं त्यापेक्षा कितीतरी बरी.

शेवटची कुंडी जिन्याच्या खोलीच्या सावलीत आहे, तिला पालवी नाही. तिथे कामिनी लावायचं ठरवलं होतं, पण तिलाही दाट व्हायला ऊन लागतंच. तिथे बुरुडाकडून विणून आणलेली तट्टी उभी केली आहे आणि ती दिसायला इतकी सुंदर आहे की आता काढणार नाही.

राहिला त्या इमारतीचा वरचा मजला. तिथल्या नजरेसाठी हेच गणित नऊ फूट उंची मागतं. बांबू पुन्हा वाढवणं आलं, असं वाटत होतं. पण हे लिहिता लिहिता दोरीची रेषा परत काढली. डोक्यावर साडेसात फुटांवर मांडव घातला आणि तो खुर्चीच्या पुढे चार फूट आला, तर वरची नजर तिथेच अडते! खांबांना खानापूरकडचा माणगा बांबू आणतो. बिनकाट्यांचा, जवळजवळ भरीव, त्याच्यासारखा सरळ खांब नाही. यंदा त्यावर दोडका चढवीन, कायमची मधुमालती.

मधुमालतीला गच्चीवर मोठी कुंडी द्यायची होती, तेही आता रद्द. वापरातल्या गच्चीवर मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच कुंडी भिजल्या मातीने भरली की ४०० किलोच्या आसपास जाते. बांबूच्या कुंड्या तुळईवर आहेत आणि त्यांत निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा आहे, म्हणून चालतं. मांडवाखाली तुळई नाही. त्यामुळे वेल परसात जमिनीतच लावायचा आणि भिंतीवरून तारेने वर न्यायचा. मधुमालती एक मजला सहज चढते.

पश्चिमेच्या वाऱ्यात मधुमालती कुणी वर चढवली असेल तर सांगा: एकच खोड ठेवलंत की दोन-तीन? तार किती अंतरावर अडकवलीत? पाऊस ओसरायच्या आत खड्डा घ्यायचा आहे.