तुम्ही विचारलंत म्हणून: दातांची डॉक्टर समोसे का विकायची?

हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, कोल्हापूरला गेले की रंकाळ्यावर भेटलेल्या वर्गमैत्रिणी विचारतात. बीडीएस झालेली बाई, नवरा परराष्ट्र सेवेत, वॉर्साला पोस्टिंग, आणि ही तिथे समोसे विकायची. तेही फुकटात! कुणाला कीव येते, कुणाला मी आळशी वाटते. एका आत्याबाईंना तर खात्री आहे की पैसे मिळतात, मीच सांगत नाही.

मिळत नाहीत, आत्या. समोशाचे पैसे धर्मादायाला जातात. वॉर्सामध्ये राजदूतांच्या जोडीदारांची संघटना नाताळाआधी मोठा बाजार भरवते. देशोदेशींचे स्टॉल लागतात आणि जमलेली रक्कम पोलंडमधल्या संस्थांना देतात. आमच्या स्टॉलसाठी आम्ही आदल्या रात्री बटाटे उकडायचो. मैदा म्हणून ‘टाइप 450’चं केकचं पीठ आणायचो, आणि पारी फुगली की एकमेकींना दोष द्यायचो.

आता ‘नोकरी का नाही केलीस’ याचं उत्तर. 1961च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे राजनैतिक अधिकाऱ्याला यजमान देशात स्वतःच्या कमाईसाठी धंदा-व्यवसाय करता येत नाही. नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी करायची तर दोन देशांत तसा समझोता लागतो, मग परवानगी, आणि त्या कामापुरतं राजनैतिक संरक्षण सोडायचं. समजा हे सगळं जमलं. तरी माझी पदवी तिथे आपोआप चालत नाही. ती मान्य करून घ्या, पोलिश शिका, परीक्षा द्या, तोवर बदलीचा कागद हातात. पुढच्या देशात पुन्हा पहिलीपासून. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची माझी नोंदणी मी न चुकता नूतनीकरण करून घेते. कशासाठी, ते मला विचारू नका.

आणि बायका फुकट राबतात ही काही आमच्या घरची रीत नव्हे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात 1972पर्यंत बायको पाहुणचार कसा करते याची नोंद नवऱ्याच्या कामगिरीच्या अहवालात होत असे. आपल्याकडे 1979 साली परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मांचा खटला सुप्रीम कोर्टात गाजला. तोवर परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि संसार कामाच्या आड येईल असं सरकारला वाटलं तर तिचा राजीनामा मागता येई. पुरुष अधिकाऱ्याचा संसार कधी कामाच्या आड आला नाही. तो कामालाच जुंपलेला असायचा.

बरं, मला हे बाजार-पाहुणचाराचं काम आवडायचं का? आवडायचं. हे कबूल करायला जीभ अडखळते, कारण पहिल्या पोस्टिंगला मीच म्हणायचे की हा सगळा मिरवण्याचा उद्योग आहे. त्या मुलीचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. फक्त तिला मार्च 2022 माहीत नव्हता.

युक्रेनमध्ये युद्ध पेटलं होतं आणि तिथून आपले विद्यार्थी सीमा ओलांडून पोलंडमध्ये येत होते. त्यांना परत आणायच्या सरकारी मोहिमेत, ऑपरेशन गंगात, साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परतले, हे तुम्ही बातम्यांत पाहिलंच. आम्ही काही जणी सीमेजवळच्या झेशुफ या पोलिश शहरात गेलो होतो. मुलं हॉटेलात उतरायची आणि विमानाची वाट बघायची. स्वामिनारायण संस्थेचं फिरतं स्वयंपाकघर तिथे होतं, पोलंडमधले भारतीय गाड्या घेऊन आले होते. माझ्याकडे चहा, ब्लँकेटं आणि नावांची यादी.

यादीत सांगलीकडची एक मुलगी होती. एमबीबीएसचं चौथं वर्ष. ल्विव्हहून सीमेपर्यंतचा बराच रस्ता चालत आलेली, पाय सुजलेले. पण ती गालाला हात लावून बसली होती. चहा घेईना. मी मराठीत विचारल्यावर एकदम रडायला लागली आणि म्हणाली, “काकू, अक्कलदाढ आहे. पेरिकोरोनायटिस असणार, पस झालाय.” म्हणजे दाढेवरच्या हिरडीची सूज. निदान अचूक होतं. मी मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. तोंडात जेमतेम एक बोट जात होतं. गिळता येतंय का, श्वासाला त्रास आहे का, ताप किती, हे सगळं मी विचारत सुटले. इतक्या वर्षांनी ते प्रश्न तोंडातून आपोआप बाहेर पडत होते.

तिने आईला फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाली, “ताई, तुम्ही दाताच्याच डॉक्टर ना? देवच भेटला. तेवढं बघा की.”

मी म्हणाले, “मी इथे डॉक्टर नाही हो.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग, “म्हणजे?”

म्हणजे काय ते सांगलीच्या माउलीला कसं समजावणार?

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने फोनाफोनी केली. रविवार असूनही एका पोलिश डेंटिस्टबाईंनी दवाखाना उघडला. मदतनीस नव्हती. मी कोण हे त्यांना मोडक्या इंग्रजीत कळलं, तशी त्यांनी ग्लोव्हजचं खोकं माझ्यापुढे केलं आणि थुंकी ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीकडे बोट दाखवलं.

मी नाही म्हणाले.

नवरा म्हणतो, बरोबर केलंस. मला परवाना नव्हता. काही बिघडलं असतं तर राजनैतिक पासपोर्टवालीवर त्या मुलीला साधा दावाही सहज लावता आला नसता. ज्याच्यावर दावा लागत नाही त्याने दुसऱ्याच्या जबड्याला हात लावू नये, असं मलाही वाटतं. पण सक्शन धरायला कसला परवाना, असंही वाटतं. त्या बाईंनी एका हाताने आरसा, एका हाताने सगळं, असं करत पस काढला. मी भिंतीला टेकून फोन धरून उभी होते, आईला ऐकू जावं म्हणून. पैसे त्यांनी घेतले नाहीत. माझ्याकडे मात्र एकदा बघितलं. ती नजर रागाची नव्हती, म्हणूनच जास्त लागली.

मुलगी सुखरूप घरी गेली. तिच्या आईचा दिवाळीला मेसेज येतो, “ताई, तुमच्यामुळे.” माझ्यामुळे काय? मी यादीवर खूण केली आणि फोन धरला.

सासूबाई म्हणतात, वळिवड्याचं ऋण फिटलं. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आणि त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचा स्मृतिफलक आहे. भाषणात छान वाटतं हे. पण त्या दुपारी कुणी कुणाचं काही फेडत नव्हतं. उलट एक पोलिश बाईच आपल्या मुलीची दाढ बघत होती आणि कोल्हापूरची डेंटिस्ट भिंतीला टेकली होती.

तेव्हा समोसे. समोसे तळायला कुणाचा परवाना लागत नाही, आणि कुणी मला ‘म्हणजे?’ असं विचारत नाही. हे पुरेसं कारण आहे का? पहिल्या पोस्टिंगची मी म्हणेल, मुळीच नाही, तू पळ काढतेस. काढत असेन. तिने तरी काय केलं होतं, घरी बसून पुस्तकं वाचण्याशिवाय?

सध्या दिल्लीत आहोत. बदल्यांची यादी लागायची आहे. कुठला देश मागू, असं नवरा विचारतो. मी म्हणते, जिथे समझोता आहे तो. तो म्हणतो, तिथे दंतवैद्यांना भाषेची परीक्षा असते, पास होईपर्यंत आपण परत. मग मी त्याला म्हणते, तरी तोच माग.