ऊसतोड टोळीबद्दल लिहिताना: माझा अनुभव

सांगलीच्या वाळवा-शिराळा पट्ट्यात दिवाळीच्या आसपास बीडकडच्या टोळ्या उतरतात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर पहिली अडचण वेळेची. पहाटे फडात, मग मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणं. तिथं कुणाला बोलण्यात गुंतवलं तर टनेज बुडतं, आणि ते कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या खात्यातून जातं. म्हणून वाहन उशिरा येणार असेल त्या दुपारी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जायचं.

मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला टाळून चालत नाही. आधी त्याला भेटून कशासाठी आलोय ते सांगतो. पण तो बसलेला असताना उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा विषय काढत नाही, कारण पुढच्या हंगामाची उचल त्याच्याच हातात असते. बाकीच्यांनाही सुरुवातीलाच सांगतो, "ताई, यातून घरकुल, योजना काही मिळणार नाही. नको वाटलं तर बोलू नका."

'बिचारे', 'लाचार' हे शब्द मी लिहीतच नाही. हिशेब मांडतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. एका कोयत्याने दिवसाला 2 टन तोडले आणि 120 दिवस एकही खाडा न करता काम मिळालं, तरी 240 टनांचे 87,840 रुपये होतात. उचल 1 लाख असेल तर 12,160 अंगावर राहतात, शिवाय हंगामात मधे खर्चायला घेतलेली खर्ची वेगळी. ही बाकी फेडायला तीच जोडी पुढच्या वर्षी येते. गरिबी कशी टिकते, ते एवढ्यात कळतं.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजल्यापासून जो येतो तो बायांना तेच विचारतो. तिने स्वतः विषय काढल्याशिवाय मी विचारत नाही.

नुसतं नाव बदलून भागत नाही. तालुका, कारखाना, मुकादमाचं गाव आणि 'तीन मुली' एवढं एकत्र छापलं की तिच्या गावात लगेच ओळख पटते. यातल्या दोन गोष्टी तरी गाळतो. फोटोत ट्रॉलीचा नंबर आणि वजनाची पावती येऊ देत नाही.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावी जाते. त्याआधी मजकूर कोपीवर वाचून दाखवतो. फोनवर नाही, तिथं स्पीकर लावून कोण ऐकतंय ते समजत नाही. नको म्हटलेली ओळ काढतो आणि तिच्या जागी टिंबंही ठेवत नाही, कारण टिंबं दिसली की काय गाळलं त्याचा शोध गावात सुरू होतो.