पी व्हॅल्यू समजून घेताना

ठाण्याहून रोज नेरूळला जाऊन एम.डी. करताना प्रबंधात मला सर्वाधिक वेळ लागला तो रुग्ण मिळवायला नव्हे, तर त्यांच्या आकड्यांना लावायची चाचणी समजून घ्यायला. संगणक पी व्हॅल्यू क्षणात काढून देतो, पण तिचा अर्थ लावणे आपल्याकडेच राहते.

संख्याशास्त्राच्या मॅडमनी टेबलावर एक नाणे ठेवले. नाणे साधे आहे, छापा आणि काटा सारख्याच संधीने पडतात, हे आमचे शून्य गृहीतक. दहा फेकींत नऊ छापे पडले तर? दहा फेकींचे एकूण १०२४ क्रम संभवतात. त्यांत नऊ किंवा दहा छाप्यांचे ११ आणि तितक्याच काट्यांचे ११, म्हणून २२ भागिले १०२४, सुमारे ०.०२१. गृहीतक खरे धरले, तर इतका किंवा याहून एकांगी निकाल येण्याची ही शक्यता, आणि पी व्हॅल्यू म्हणजे एवढेच. नाणे साधे असण्याची शक्यता दोन टक्के आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. खिशातली नाणी बहुधा साधीच असतात, ही गोष्ट त्या भागाकारात कुठेच आलेली नाही.

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की निकाल ‘सिग्निफिकंट’, म्हणजे शून्य गृहीतक खरे असताना सहसा न दिसणारा, मानतात. ही सीमा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. आमच्याकडे मात्र तिला जवळजवळ मुहूर्ताचे महत्त्व आले आहे.

पुढे मॅडमनी १९८८ चा आयसिस-२ अभ्यास वाचायला दिला. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांत ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे घटले होते, तरीही संशोधकांनी मुद्दाम राशींनुसार गट पाडले, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नसल्याचे दिसले! आकडे पुरेसे चाळले की योगायोगानेही काहीतरी हाती लागते, हे दाखवण्यासाठीच तो खटाटोप होता. ते वाचल्यावर मी माझा मुख्य निष्कर्ष कोणत्या मोजमापावर ठरेल, हे रुग्ण घेण्यापूर्वीच आराखड्यात लिहून टाकले.

प्रबंधाच्या तक्त्यात दोन वेगवेगळ्या गोळ्यांच्या गटांमधील हिमोग्लोबिनचा फरक ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांमध्ये असावा असा अंदाज, त्या पट्ट्यासह) आधी दिला, पी व्हॅल्यू शेवटच्या रकान्यात. ती ०.०५ च्या खाली होती. फरक मात्र अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे सादरीकरणात ‘सिग्निफिकंट आहे का’ या पहिल्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हटले आणि एवढ्याशा फरकासाठी रुग्णाची गोळी बदलावी असे मला वाटत नाही, हेही लगेच सांगितले.