पॅनेलवर ५०.०० : आमची वाटचाल

२००९ च्या जूनमध्ये आम्ही इमारतींची वीज वाचवण्याचं काम सुरू केलं तेव्हा ऑफिस म्हणजे धरमपेठेतल्या घराची पुढची खोली. मी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ऑडिटरची परीक्षा पास झालो होतो, भागीदार दहा वर्षं एसी प्लांटमध्ये घासून निघालेला, आणि हिशेब बायको बघायची. इमारतींच्या विजेची संहिता, ईसीबीसी, २००७ मध्येच आली होती, पण ऐच्छिक. नागपुरात बिल्डरकडे तिचं नाव काढलं की "सक्ती आहे का?" एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की चहा यायचा आणि विषय संपायचा.

पोट भरलं ते दिव्यांनी. जुन्या जाड ट्यूब आणि तांब्याचे चोक काढायचे, टी-५ बसवायच्या, पुढे एलईडी. पण सरकारी घाऊक खरेदीत २०१४ ला ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळीसच्या आत आला, आणि दिवे बदलायला इंजिनिअर कुणाला हवाय? देशाचं भलं झालं, आमची पंचाईत.

मग एका खाजगी हॉस्पिटलचं काम घेतलं. एसीसाठी पाणी थंड करणारे दोन चिलर, ते थंड पाणी फिरवणारे तीन पंप. पंपांना व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, लावायचे. गणित सरळ होतं: बंद नळ्यांत पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे ५० हर्ट्झवरून ४० वर आणला की वीज जवळपास निम्मी. गुळगुळीत कागदावर रिपोर्ट दिला, ड्राइव्ह बसले, फोटोही काढले. तीन महिन्यांनी मालकांचा फोन. "बिल तर जागचं हललं नाही."

रात्री दोन वाजता प्लांटरूममध्ये जाऊन उभा राहिलो. पॅनेलवर ५०.००, म्हणजे पूर्ण वेग, सिलेक्टर मॅन्युअलवर. ऑपरेटर नुकताच डबा धुऊन बसलेला. म्हणाला, "ऑटोवर ठेवला का ओटीतून फोन येते जी, गरम होऊन राह्यलं म्हणून. मंग शिव्या मलेच. फुल्ल चालवला का कोनी काही म्हनत नाही."

मला वाटलं, कामचुकारपणा. त्याच्यासमोर ऑटोवर टाकलं. पंप ४१ वर उतरला, आणि तासाभरात रिकाम्या ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, तापमान तीन अंशांनी वर. भागीदार तोवर त्या थंड पाण्यावर हवा गार करून वॉर्डांत सोडणाऱ्या यंत्रांच्या, एएचयूंच्या, खोल्या फिरून आला, तो मान खाली घालूनच. थ्री-वे व्हॉल्व्ह जुनेच होते. जवळच्या वॉर्डांना गारवा नको असला तरी त्यांच्या वाटचं पाणी बायपासमधून तसंच परत फिरत होतं, आणि लांबच्या टोकाला असलेली ओटी तहानलेली. त्यात दाबाचा सेन्सर आम्ही पंपाच्या शेजारीच लावलेला. केबल वाचते ना! ओटीत काय चाललंय हे त्या सेन्सरला कळायला मार्गच नव्हता. ऑडिटला आम्ही तीन दिवस होतो. तिन्ही दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. ऑपरेटर मात्र तिथे रोज रात्री होता, आणि त्याला आम्ही एक प्रश्नही विचारला नव्हता.

बायपास नसलेले टू-वे व्हॉल्व्ह आमच्या खर्चाने बसवले, सेन्सर ओटीच्या मजल्यावर नेला. वर्षाचा नफा त्यात गेला. पॅनेल रात्री ३४-३५ दाखवायला लागलं, तेव्हा मालकांच्या आधी त्या ऑपरेटरचा फोन आला.

तेव्हापासून रात्रीची फेरी झाल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, आणि काम संपल्यावरही वर्षभर प्लांटवर जात राहायचं. काही गिऱ्हाइकांना हे फी वाढवायचं निमित्त वाटतं. वाटो.

आमची आर्किटेक्ट, मूळ अमरावतीची, हेच दिवसा करते. इमारतीच्या विजेचं गणित मांडणाऱ्या एनर्जीप्लस सॉफ्टवेअरवर तिचा हात बसलेला आहे, पण वर्धा रोडवरच्या एका बिल्डरला पश्चिमेची अख्खी भिंत काचेची हवी होती, तेव्हा तिने आलेख बाजूला ठेवले. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्याला दुसऱ्या एका काचेच्या ऑफिसात नेलं. पडदे ओढलेले, भर उन्हाचे दिवे चालू, आणि दोन टेबलांमागे काचेला आतून थर्माकोल चिकटवलेला. बिल्डर थर्माकोलकडे बघत राहिला. त्याच्या इमारतीत आता जिना, लिफ्ट आणि टॉयलेटं पश्चिमेला आहेत, काच उत्तरेला.

२०१७ ला ईसीबीसी सुधारून आली, २०१८ च्या डिसेंबरात घरांसाठी इको-निवास संहिता. "सक्ती आहे का?" अजून विचारतातच, फक्त हल्ली चहाबरोबर नकाशाही पुढे सरकवतात.

आज आम्ही नऊ जण आहोत. नववा म्हणजे तोच ऑपरेटर. २०१९ ला हॉस्पिटल सोडून आमच्याकडे आला. नव्या इंजिनिअरांना तो आधी लॅपटॉप बंद करायला लावतो आणि चिलरवरचे दोन थर्मामीटर वाचायला सांगतो. जाणारं पाणी ७ अंश आणि परतणारं ८-९ असलं, तर पोरांना विचारतो, "पानी कामाले गेलं होतं का फिराले?" रात्रीच्या फेरीला वेगळा भत्ता हवा, ही मागणीही पहिली त्याचीच. दिला. आता भागीदारही मागतोय.