बावीस किलोन्यूटनचा दोर

बडोद्यात गिर्यारोहणाच्या साहित्याचे दुकान चालते, हेच अनेकांना खरे वाटत नाही. पावागड शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तेथील खडकावर, वरून लावलेल्या दोराच्या आधाराने शिकलेली मुले पुढे बदामीच्या वालुकाश्मावर बोल्ट मारलेल्या मार्गांवर चढायला निघतात आणि निघण्यापूर्वी आमच्याकडे येतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंगचा समावेश झाल्यापासून अशा मुलांची संख्या वाढली आहे, आणि "सगळे किट एकदमच द्या" असे म्हणणाऱ्यांचीही. आमच्या मालकांना हे वाक्य फार प्रिय असल्यामुळे त्यांनी नवशिक्यांसाठी एक संचच ठरवून ठेवला आहे. त्यात अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या हार्नेसपासून ६० मीटर दोरापर्यंत सर्व काही येते आणि त्यातले निम्मे पहिल्या वर्षी पिशवीतच राहते. माझे शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठात टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचे झाले आहे. त्यामुळे दोर, स्लिंग आणि हार्नेस या विभागात काय सांगावे व काय विकावे, हे मालकांनी माझ्यावर सोपवले आहे, निदान बोलण्यापुरते तरी.

मागच्या हिवाळ्यात फाइन आर्ट्सच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर आली. काकांनी गुजरातीत सुरुवात केली आणि माझे आडनाव कानावर पडताच मराठीवर आले. घर दांडिया बाजारात, नोकरी नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात, सुरक्षा विभागात, आणि निवृत्ती नुकतीच झालेली. "साहित्य मी आणले आहे, हिला फक्त शूज पाहिजेत," असे म्हणून त्यांनी मोठ्या पिशवीतून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली. पाठीवर आणि छातीवर कडी असलेला पूर्ण शरीराचा हार्नेस, दोन मोठ्या हुकांचा लॅनयार्ड (हार्नेस आधाराला जोडणारी आखूड दोरी), हनुवटीच्या पट्ट्यासह पिवळे हेल्मेट आणि ११ मिलिमीटर जाडीचा ५० मीटर पांढरा दोर. सर्व वस्तू नव्या, सर्वांची बिले आणि प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये लावलेली. औद्योगिक सुरक्षेच्या साहित्याचे जे पुरवठादार त्यांना नोकरीमुळे माहीत होते, त्यांच्यापैकी एकाकडून त्यांनी हे स्वतःच्या पैशाने आणले होते.

एरवी लोक जुन्या बाजारातून आणलेल्या, तारीख खरवडलेल्या वस्तू तपासायला देतात, तेव्हा नकार देणे सोपे जाते. येथे वस्तूंमध्ये दोष नव्हता. दोराच्या टोकाचे आवरण किंचित सरकवून काकांनी मला आतली बारीक फीत दाखवली. तिच्यावर उत्पादकाचे नाव, ईएन १८९१ हे युरोपीय मानक, प्रकार ए आणि उत्पादनाचे वर्ष छापलेले होते. अशा दोराच्या पोटात ही फीत असते, हे आमच्या दुकानात माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघांना मला शिकवावे लागले होते, आणि त्यांच्यापैकी एक अजूनही गिऱ्हाइकाला आधी रंग दाखवतो.

"ताई, हा २२ किलोन्यूटनचा दोर आहे. माणूस काय, मोटार टांगली तरी तुटणार नाही," काका म्हणाले.

एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार, तेव्हा हे खरेच होते, आणि म्हणूनच उत्तर देणे अवघड होते. मी त्यांना ९.८ मिलिमीटरचा, ईएन ८९२ मानकाचा एक डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा, दोर आणून दिला आणि त्याचे लेबल वाचायला सांगितले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, "याची तुटण्याची ताकद कुठे लिहिली आहे?" ती लिहिलेली नसते. लेबलावर मानक चाचणीत दोराने किती पडणे सोसले, पहिल्या पडण्यात किती धक्का पुढे पोहोचवला आणि तो किती ताणला गेला, एवढेच असते. एकेरी दोराच्या चाचणीत ८० किलोचे वजन अत्यंत कठोर पद्धतीने पुन्हा पुन्हा पाडतात. दोराने निदान ५ वेळा टिकले पाहिजे, पहिल्या वेळचा धक्का १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये आणि ताण ४० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. काकांच्या दोराच्या मानकाची दिशा याच्या उलट आहे: माणूस त्यावर लटकून काम करणार असल्यामुळे तो शक्य तितका कमी ताणला जावा, म्हणून ५० किलोवरून १५० किलोपर्यंत भार वाढवला असता लांबी ५ टक्क्यांहून अधिक वाढू नये, अशी त्यात अट आहे.

कारखान्यात दोर नेहमी वर बांधलेला आणि ताठ असतो, तर लीड करणारी, म्हणजे सर्वांत पुढे चढत दोर खडकातल्या एकेका बोल्टला अडकवत जाणारी मुलगी शेवटच्या बोल्टच्या वर चढलेली असते. ती बोल्टच्या दोन मीटर वर असताना निसटली, तर चार मीटर आणि शिवाय दोराची ढील एवढी खाली येते. ती ऊर्जा कुठेतरी मुरावी लागते. दोर ताणला गेला नाही, तर ती तिच्या कमरेत, खालून दोर धरून तिला सांभाळणाऱ्याच्या, म्हणजे ‘बिले’ देणाऱ्याच्या, अंगात आणि विशेषतः वरच्या बोल्टमध्ये जाते. वरच्या बोल्टला लावलेल्या कॅराबिनरवर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर, दोराच्या दोन्ही बाजूंचा ओढा एकत्र येतो, त्यामुळे तेथला भार चढणाऱ्यावरील धक्क्याच्या दीडपटीहून अधिक असतो. मी हे समजावत असतानाच काकांनी स्वतःच्या लॅनयार्डवरील पाकीट बोटाने दाबले. त्या पाकिटात शिवून दुमडलेला पट्टा असतो. माणूस पडला की त्याची शिवण उसवत जाते आणि धक्का ६ किलोन्यूटनच्या आत ठेवते. "म्हणजे आमच्याकडे जे काम हे करते, ते तुमच्याकडे अख्खा दोर करतो," ते म्हणाले. मी इतक्या मुलांना हे शिकवले आहे, पण एवढ्या थोडक्यात ते मला कधी सांगता आले नव्हते.

हेल्मेटच्या बाबतीत त्यांची उत्सुकता आणखी वाढली. त्यांच्या पिवळ्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढ लागली की सुटावा, असाच बनवलेला असतो. हेल्मेट कशात अडकले, तर माणसाला फास बसू नये, हा त्यामागील हेतू, आणि तो त्यांना पाठ होता. चढणाऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा मात्र ५०० न्यूटनपर्यंत टिकलाच पाहिजे, कारण पडताना खडकावर आपटेपर्यंत ते डोक्यावर राहणे हेच त्याचे काम, हे त्यांना नवे होते. हार्नेसविषयी तर त्यांनीच मान्य केले की पाठीवरच्या कडीला दोर बांधून कोणी वर चढू शकणार नाही. पूर्ण शरीराचा हार्नेस चढाईत वापरतात तो मुख्यतः लहान मुलांसाठी, कारण त्यांच्या कमरेच्या हाडांवर पट्टा टिकत नाही.

येथवर सर्व ठीक चालले होते. मग वस्तू पिशवीत भरता भरता काका, चेहऱ्यावर राग नसताना, म्हणाले, "तुमचे दुकान आहे ताई. माझे सामान चालणार नाही, असेच तुम्ही सांगणार."

हेच वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. विकणाऱ्याने "तुमचे नको, आमचे घ्या" म्हणावे आणि ते खरेही असावे, ही स्थिती माझ्या कामात रोज येते. ते खरे आहे हे ऐकणाऱ्याला पटवण्याचे साधन मात्र माझ्याकडे नसते. मी एवढेच करू शकले की दोर घेऊच नका, असे सांगितले. पहिल्या एकदोन मोसमांत मुलगी नेहमी गटाबरोबर जाणार. दोर आणि क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवण्यासाठी दोन कॅराबिनर जोडलेला छोटा पट्टा) गटाचे असतात आणि ते अनुभवी माणूस पारखून वापरतो. नवशिक्याने स्वतःच्या अंगावर बसणाऱ्या वस्तू आधी घ्याव्यात: शूज, हार्नेस, हेल्मेट आणि एक बिले डिव्हाइस त्याच्या लॉकच्या कॅराबिनरसह. गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी हे ऐकले आणि हिशेबाची वही जरा जोरात मिटली.

हार्नेसला आम्ही वेळ देतो, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत तुळईला एक हूक आहे. हार्नेस घालून तेथे निदान पाच मिनिटे लटकल्याशिवाय मी तो बांधून देत नाही. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांच्या वर बसून खाली सरकता कामा नये, आत तळहात सपाट जावा पण मूठ जाऊ नये, आणि पायांच्या पट्ट्यांनी मांडी कापली जाऊ नये. उभ्याने छान वाटलेला हार्नेस लटकल्यावर बरगड्यांत चढतो, हे आरशात कधीच कळत नाही. मुलीने तिसरा निवडला, जो पहिल्या दोहोंपेक्षा स्वस्त होता. शूजच्या बाबतीत मुलांना कोणीतरी सांगितलेले असते की दुखले पाहिजेत. मी तिला सपाट तळाचे दिले, ज्यांत बोटे टोकाला टेकतात पण दुमडत नाहीत, कारण दिवसभर पाय बाहेर काढून बसणारी मुलगी काहीच शिकत नाही. शूज मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, डिंक सुटतो, असे मी सांगत होते, तोच काकांनी पुढे जोडले, "आणि यातले काहीही जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ ठेवायचे नाही." नायलॉनला आम्ल खाते आणि वरून काही दिसत नाही, हे टेक्स्टाइलच्या वर्गात मी शिकले होते. ते त्यांनी कारखान्यात पाहिले होते.

काका शूजच्या बिलासाठी पुढे गेले, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "ताई, मला हे माहीत होते. शिकवणाऱ्या सरांनी आधीच सांगितले होते. पण बाबांनी एवढ्या हौसेने आणले, मी कसे सांगणार?" म्हणजे तिने त्यांना माझ्याकडे आणले होते ते शूजसाठी नव्हे. मला याचा राग आला की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. आपल्याकडे वडिलांना मुलीने समजावणे अवघड असते, हे कळते; पण तो निरोप दुकानदाराच्या तोंडून गेला की त्याला नफ्याचा वास येतो, आणि काकांना तो आलाच होता.

जाता जाता तिने पिशवीतून चार क्विकड्रॉ काढले. क्लबमधील एका सीनियरने ते तिला वापरायला दिले होते. क्विकड्रॉच्या दोराकडच्या कॅराबिनरला पट्ट्यात पक्के धरून ठेवणारे एक रबर असते. ते फक्त जागा धरण्यासाठी, भार घेण्यासाठी नव्हे. २०१३ मध्ये फ्रान्समधील ऑर्पियेर येथे टिटो ट्रावेर्सा या १२ वर्षांच्या इटालियन मुलाचा मृत्यू झाला, तो अशाच चुकीच्या जुळणीमुळे: कॅराबिनर पट्ट्यातून न जाता केवळ रबरात अडकवलेले होते. मुलीच्या चारही क्विकड्रॉंत पट्टा बरोबर ओवलेला होता. पण एकाच्या दोराकडच्या कॅराबिनरच्या वळणावर नख फिरवले असता खाचा लागल्या. बोल्टच्या पट्टीवर घासून पडतात तशा त्या खाचा होत्या. कोणीतरी वरचे कॅराबिनर खाली लावले होते, आणि अशी धारदार खाच दोराचे आवरण सोलू शकते.

काकांनी ते कॅराबिनर माझ्या हातातून घेतले आणि विचारले, "याची तपासणी शेवटची कधी झाली? नोंद कोण ठेवते?" मुलीने माझ्याकडे पाहिले आणि मी छताकडे. कारखान्यात प्रत्येक हार्नेसला क्रमांक असतो, ठरावीक काळाने तपासणीची सही असते, आणि बाद केलेली वस्तू पुन्हा कोणी उचलू नये म्हणून कापून टाकतात व कापल्याची तारीखही लिहितात. आमच्या क्लबांमध्ये दोर किती मोसम वापरला, हे विचारले तर "तसा नवाच आहे" असे उत्तर मिळते. त्यांनी आणलेली एकही वस्तू त्या खेळाला उपयोगी नव्हती, आणि तरी त्या काउंटरभोवती सुरक्षा नीट कळणारे तेच एकटे होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

त्यानंतर मी प्रत्येक बिलाबरोबर एक कागद देऊ लागले: वस्तू, क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, तपासणीच्या तारखा, आणि काकांच्या आग्रहाखातर शेवटचा रकाना, बाद केल्याची तारीख. वस्त्राच्या साहित्याला बहुतेक उत्पादक न वापरताही सुमारे दहा वर्षांचीच कमाल मर्यादा सांगतात, ही ओळ मालकांना फार खटकते. त्यांच्या मते नवीन घेतानाच बाद होण्याचा विषय काढणे अशुभ आणि धंद्याला घातक आहे. कागद अजून छापून मिळालेला नाही, मी झेरॉक्स काढते.

दोन आठवड्यांनी मुलीच्या क्लबमधील प्रमुखांचा फोन आला. काकांनी गटाच्या दोराचे उत्पादनाचे वर्ष कळेपर्यंत मुलीला बदामीला पाठवणार नाही, असे सांगितले होते, आणि "पालकांना असे घाबरवू नका" अशी प्रमुखांची माझ्याविरुद्ध तक्रार होती. मी त्यांना दोराचे वर्ष विचारले. दोराची टोके झिजल्यामुळे कापली होती आणि त्यांबरोबर खुणेची पट्टीही गेली होती, पण बिल कुठेतरी असेल, पाहून सांगतो, असे ते म्हणाले. अद्याप त्यांनी सांगितलेले नाही.